आयुधपूजेआधी पुसलेलं चित्र

माझ्या नातीच्या लॅपटॉपवर एकही चित्र नाही. स्क्रीनभर तिच्या मांजरीचा फोटो, बाकी सगळं मोकळं. मी विचारलं, "अगं, मग प्रोग्राम उघडतेस कुठून?" तर म्हणाली, "नाव टाइप केलं की येतो, आजी." येतो म्हणे. बोलावलं की येतो, काम झालं की जातो, आणि ही पोरगी मजेत चिप्स खात बसते. तिला काय कल्पना, की स्क्रीनवरचं एक बोटभर चित्र नाहीसं झालं म्हणून तिच्या आजीनं दसऱ्याची श्रीखंड-पुरी ताटात तशीच टाकली होती.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची, बंगळूरची. कोरमंगलात तेव्हा रस्त्यावर गाड्यांपेक्षा झाडं जास्त होती. एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस, शेतीपंपांचे सुटे भाग विकणारं. मी मूळची बेळगावकडची, लग्नानंतर इथे आलेली, आणि या ऑफिसात टायपिस्ट. चाळिशी उलटलेली. तेव्हाच्या त्या बाईला, म्हणजे मला, स्वतःच्या बोटांचा फार गर्व होता. टाइपरायटरसमोर बसायची ती अशी, की समोर पाच-पन्नास श्रोते आहेत आणि तबला लावून झालाय. पत्र संपलं की कागद ओढून काढताना मान किंचित झटकायची. ही झटकायची गरज काय होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आमचे मॅनेजर मैसूरकडचे, इंजिनियर, वयानं माझ्यापेक्षा लहान. ते मला अक्का म्हणत, मी त्यांना सर. बोलणं सगळं कन्नडमध्ये. इथे मराठीत लिहिते आहे, पण टोमणे जसेच्या तसे ठेवलेत, आणि आमचं 'सरी', म्हणजे 'बरं', तेवढंही.

त्या वर्षी गणपतीआधी ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले. एक मॅनेजरांच्या खोलीत शोभेला आणि एक माझ्या टेबलावर कामाला. त्यात एक प्रोग्राम पत्रांचा आणि एक मालाचा. कुठला भाग किती शिल्लक, कुणाला किती पाठवला, कुणाचं बिल कधी केलं, हे सगळं त्या मालाच्या प्रोग्रामात. महिनाभर बसून मी आणि हिशेबनिसांनी ते आत भरलं होतं. आणि त्याच सुमारास मॅनेजर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"अक्का, दसऱ्यानंतर टाइपरायटर येलहंकाच्या गोदामात जाणार," ते म्हणाले. "आता तुम्ही मशीनबरोबर तिकडे जाता, की मशीन सोडून इथे राहता, ते तुम्हीच बघा. इथे राहायचं तर हे दसऱ्यापर्यंत नीट यायला हवं."

येलहंका म्हणजे शहराचं दुसरं टोक. बस मॅजेस्टिकला बदलायची, आणि दुसरी कधी येईल ते तिच्या मर्जीवर. माझं घर ऑफिसपासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं, आणि घरी सासूबाई होत्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. काठी धरून न्हाणीपर्यंत जायच्या, पण ओट्याशी उभं राहणं जमत नव्हतं. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी घरी जाऊन त्यांना गरम भाकरी करून वाढायची आणि परत यायची. शेजारची अक्का वाढायला तयार होती, पण तिच्या सांबारात गूळ असतो म्हणून सासूबाईंनी तिला एकदाच हाकललं होतं, ते कायमचं. मी येलहंकाला गेले असते तर त्या माउलीनं दुपारभर उपाशी बसून मला संध्याकाळी ते ऐकवलं असतं. दोन्हीही नको होतं. दुसरं जास्त नको होतं.

मला शिकवायला कॉम्प्युटर बसवणाऱ्यांकडून एक मुलगी यायची. पुण्याची, चोवीस-पंचवीसची, जवळच एका पीजीत राहणारी. कॉम्प्युटरशी इंग्रजीत, मॅनेजरांशी हिंदीत आणि माझ्याशी पुणेरी मराठीत बोलायची. पहिल्याच दिवशी मला काकू म्हणाली. मी त्या दिवशी केसांना मेंदी लावून आले होते.

तिनं मला शॉर्टकट करायला शिकवलं. "काकू, माऊसचं उजवं बटण दाबून धरा. आता हे चित्र ओढा. मोकळ्या जागेत सोडा. यादी आली ना? त्यातलं 'क्रिएट शॉर्टकट' दाबा. झालं." आणि खरंच, मालाच्या प्रोग्रामचं तसंच दुसरं चित्र शेजारी येऊन उभं राहिलं. कोपऱ्यात एक वाकडा बाण. त्यावर दोनदा टिचकी मारली की प्रोग्राम उघडला.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"म्हणजे शोधायला नको. समोरच असतं."

तिला पुढे काही सांगायचं होतं, पण मॅनेजरांच्या कॉम्प्युटरचा आवाज येईनासा झाला म्हणून त्यांनी तिला हाक मारली. ती गेली, आणि मी सरावाला लागले. मला एखादी गोष्ट हाताला बसली की थांबवत नाही. ओढ, सोड, दाब. ओढ, सोड, दाब. दसरा जवळ येईपर्यंत माझ्या स्क्रीनवर मालाच्या प्रोग्रामची इतकी चित्रं झाली, जशा काही हळदीकुंकवाला आलेल्या बायका एका सतरंजीवर दाटीवाटीनं बसाव्यात. पत्रांच्या प्रोग्रामला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं. मॅनेजर येता-जाता ते बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. मला वाटायचं, खूश आहेत.

नवमीला आयुधपूजा. आपल्याकडे खंडेनवमी करतात तीच, पण बंगळूरमध्ये तिचा थाट वेगळा. रिक्षांना केळीचे खुंट, बसला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. ऑफिसातही तेच. सकाळी सगळ्यांनी यायचं, आपापलं टेबल स्वच्छ करायचं, मशिनं पुसायची, मग भट येऊन पूजा करतात, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात, कडलेपुरी म्हणजे चुरमुरे-डाळं आणि मिठाई वाटली जाते आणि सुट्टी. एकदा पूजा झाली की दशमी उतरेपर्यंत कुठल्याही मशिनाला हात लावायचा नाही. पूजेला बसवलेलं हत्यार मध्येच उचलत नाहीत. टाइपरायटरला तर मी दरवर्षी झाकण घालून त्यावर फूल ठेवून यायची. या वर्षी त्याची शेवटची पूजा, म्हणून दोन फुलं ठेवली.

मॅनेजर त्या दिवशी रेशमी शर्ट घालून आले होते. माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अक्का, देवासमोर ठेवायचंय हे. स्वल्प साफ करा की. मासळीबाजार करून ठेवलाय."

म्हणजे खूश नव्हते.

मी बसले. एकेक चित्र पकडायचं, डिलीटचं बटण दाबायचं, ते इंग्रजीत विचारतं, नक्की टाकायचं का टोपलीत? एंटर दाबायचं. टिचकी, डिलीट, एंटर. टिचकी, डिलीट, एंटर. पाच-सहा गेल्यावर हाताला लय सापडली, आणि एकदा लय सापडली की त्या बाईची बोटं डोक्याला विचारत नसत. माझ्या मनात पक्कं होतं, की ही सगळी मी केलेली पिल्लं आहेत, आणि अगदी डावीकडचं पहिलं चित्र म्हणजे त्यांची आई. म्हणजे खुद्द प्रोग्राम. तेवढं ठेवायचं. दारात घंटा वाजली, भट आले, कुणीतरी म्हणालं अक्का, तांब्या कुठंय, मी मान वळवून म्हटलं फडताळात, आणि बोटांनी टिचकी, डिलीट, एंटर केलं.

मान परत वळवली तेव्हा स्क्रीन स्वच्छ होती. पत्रांचं चित्र होतं, टोपलीचं चित्र होतं. आई गेली होती.

माझे हात तसेच हवेत राहिले. कानात काहीतरी सूं करून वाजायला लागलं. महिनाभर भरलेला सगळा माल, सगळी बिलं, माझ्या बोटाखाली, तांब्याच्या उत्तराबरोबर. मी तोंड उघडलं, पण त्यातून काही निघेना. तेवढ्यात मॅनेजर मागून आले. "हां, आता कसं," असं म्हणून त्यांनी स्वतः मशीन बंद केलं, स्क्रीनवर गंधाची तीन बोटं ओढली, मध्ये कुंकू लावलं, आणि माळ घातली.

टोपलीत बघायचं होतं ना, असं नात म्हणाली. तिला हसू आवरेना. अगं बयो, आमच्या ऑफिसातल्या टोपल्या रोज संध्याकाळी झाडूवाली रिकाम्या करायची. मशीन बंद झालं म्हणजे आतलीही रिकामी झाली असणार, असं मी धरून चालले. आणि ते 'स्टार्ट' लिहिलेलं बटण? ते मला फक्त मशीन बंद करण्यापुरतं माहीत होतं.

आरतीला मी टाळ्या वाजवल्या, असं लोक सांगतात. कोहळा फुटला तेव्हा माझ्या अंगाला झटका बसला तो मात्र मला आठवतो. आतलं कुंकू जमिनीवर पसरलं आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. हिशेबनिसांनी माझ्या हातात कडलेपुरीची पुडी ठेवली, म्हणाले, "काय अक्का, टाइपरायटर जाणार म्हणून वाईट वाटतंय?" मी मान हलवली. मग घरी आले. मशीन त्या बंद खोलीत माळ घालून बसलं होतं आणि त्याला कुणी हात लावायचा नव्हता.

घरी यांनी स्कूटर धुऊन ठेवली होती. मी तिला हळद-कुंकू लावलं आणि चाकाखाली लिंबू ठेवायच्या जागी कडलेपुरीची पुडी ठेवली. यांनी पुडी उचलली, माझ्याकडे पाहिलं, आणि लिंबू आणायला आत गेले.

सासूबाई मात्र बोलल्या. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या जेवणाला मी पुरी मोडून तशीच बसले होते.

"काय गं, ताटात काय शोधतीस?"

"काही नाही."

"मग खा की. काल स्कूटरला चुरमुरे चारलेस, आज स्वतः उपाशी."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. यांचा घास हातात राहिला. सासूबाईंनी श्रीखंड चाटून संपवलं, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे आता येलहंकाला जाणार तू?"

"येलहंका? आता घरीच बसवतील."

"घरी बसवतील?" त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ते विझवलं. "बरं बरं. तसं नको व्हायला. पण मी म्हणते, सोनं द्यायला जातोच आहोत आपण तुझ्या साहेबांच्या घरी संध्याकाळी. तेव्हा सांगून टाक. सणादिवशी कुणी ओरडत नाही."

जातोच आहोत म्हणजे आम्ही दोघं. सासूबाई जागच्या हलायच्या नाहीत, फक्त धोरण ठरवायच्या.

संध्याकाळी मॅनेजरांच्या घरी गेलो. हॉलमध्ये पायऱ्या मांडून त्यावर दसऱ्याच्या बाहुल्या बसवलेल्या. राजा-राणी, शेट्टी आणि शेट्टीण, भाजीवाली, एक प्लास्टिकचा पोलीस. पायरीजवळच्या खुर्चीत मॅनेजरांच्या आई बसल्या होत्या. मी त्यांना आपट्याची पानं दिली, नमस्कार केला, आणि उठताना म्हटलं, "सर, मालाचा प्रोग्राम माझ्याकडून पुसला गेला."

आता ओरडतील, असं वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. कॉफीचा पेला त्यांनी राणीच्या शेजारी पायरीवर ठेवला.

"पुसला म्हणजे?"

"चित्र पुसलं. शेवटचं."

"सगळी पुसलीत?"

"तुम्हीच म्हणालात, साफ करा."

ते खाली बसले. म्हणजे खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच. मला त्या क्षणी आधीपेक्षा मोठा धक्का बसला, तो असा: या माणसाला सगळं येतं असं मी समजत होते. तो हसून म्हणेल, अक्का, त्यात काय, अशी एक बारीक आशा मी घरून निघताना पदरात बांधून आणली होती. पण इंजिनियर साहेबांनाही वाटत होतं, की चित्र गेलं म्हणजे प्रोग्राम गेला. आम्ही दोघंही सारखेच अडाणी निघालो, फक्त त्यांच्या खोलीला दार होतं.

"आत्ता जाऊन बघू," ते उठत म्हणाले. "किल्ली आहे माझ्याकडे."

"कुठे जाऊन?" आईंनी विचारलं. इतका वेळ त्या आपट्याची पानं निवडत होत्या.

"ऑफिसात, अम्मा. मशीन चालू करून बघतो."

"पूजेला बसवलंय ना?"

"हो, पण—"

"मग उद्या. दशमी आहे आज."

"अम्मा, सगळा माल आहे त्यात."

"असला तर उद्याही असेल. नसला तर आज बघून येणार आहे का?"

मॅनेजरांनी किल्ली परत खिशात टाकली. यांनी तेवढ्यात तिसरा चकलीचा तुकडा तोंडात टाकला. आम्ही सगळे त्या प्लास्टिकच्या पोलिसाकडे बघत बसलो.

सकाळी मी ऑफिसात पोचले तर मॅनेजर आधीच दारात. त्यांनी पीजीत फोन करून त्या मुलीला बोलावून घेतलं होतं. ती ओल्या केसांनी आली, हातात अर्धं खाल्लेलं केळं. मॅनेजरांनी मशिनाला हात जोडले, माळ काढली, बटण दाबलं. स्क्रीन उजळली. वाळलेल्या गंधातून पत्रांचं चित्र आणि टोपली दिसत होती. दुसरं काही नाही. मॅनेजरांनी सुस्कारा सोडला तो माझ्या मानेवर आला.

"काय झालंय?" मुलीनं विचारलं.

"प्रोग्राम डिलीट हो गया," मॅनेजर म्हणाले. आवाज बसलेला.

"कुणी केला?"

"मी," मी म्हटलं.

"अनइन्स्टॉल केलात?"

मी मॅनेजरांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्या शब्दाचा अर्थ आमच्या दोघांत मिळून अर्धाही नव्हता. मी बोटांनी करून दाखवलं. टिचकी, डिलीट, एंटर.

तिनं केळं संपवलं, साल टेबलाखालच्या टोपलीत टाकली, एकामागून एक खिडक्या उघडत आत आत गेली आणि एका पिवळ्या फोल्डरवर थांबली. आत तेच चित्र. कोपऱ्यात वाकडा बाण नव्हता. तिनं दोनदा टिचकी मारली. मालाचा प्रोग्राम उघडला. सगळे वॉशर, पंपातले सगळे पंखे, सगळी बिलं. जिथल्या तिथे.

"काकू, पहिल्यापासूनचा तोही नुसता शॉर्टकटच होता. बाण असलेलं चित्र म्हणजे फक्त वाट. प्रोग्राम इथे असतो, आत. बाहेरची चित्रं हजार करा नाहीतर सगळी पुसा, याला पत्तासुद्धा लागत नाही." मग उजवं बटण, ओढ, सोड, दाब. चित्र परत स्क्रीनवर.

मी खुर्चीत बसले. पूजेपासून मी ज्याच्या नावानं मनात सुतक धरून होते, ते आत मजेत बसलेलं होतं. आनंद व्हायला हवा होता. मला आधी राग आला. निदान थोडंसं तरी बिघडायला हवं होतं, असं वाटून गेलं. श्रीखंड काय पुन्हा मिळणार होतं?

मॅनेजरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग रेशमी शर्टाच्या दिवसाचा आवाज त्यांना परत सापडला. "तेच मी अक्कांना सांगत होतो," ते त्या मुलीला म्हणाले. "घाबरू नका, वाट गेली म्हणून घर जात नाही. पण यांना समजेल तर ना. सरी, अक्का, मला वाटतं तुम्हाला टाइपरायटरच बरा. सोमवारपासून येलहंका बघा."

मला पुन्हा तसंच सूं झालं. पण या वेळी तोंड उघडलं तर आवाज निघाला.

"बघते की, सर," मी म्हटलं. "जाण्याआधी तेवढं आईंना भेटून येते. काल त्या फार काळजीत होत्या, तुम्ही असे जमिनीवर का बसलात म्हणून. त्यांना सांगते, सरांना सगळं ठाऊक होतं, ते बाहुल्या जवळून बघायला बसले होते."

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग मॅनेजरांकडे. मॅनेजर स्क्रीनवरचं गंध नखानं खरवडायला लागले.

"गोदामात पण एक कॉम्प्युटर बसवायचाय," ते शेवटी स्क्रीनलाच म्हणाले. "तिथल्या स्टोअरकीपरला शिकवायला कुणीतरी हवं."

"मी नाही हं येलहंकाला जाणार," मुलगी म्हणाली. "फार लांब आहे."

"अक्का जाऊन शिकवतील. दोन-चार दिवस. मग इथेच, या टेबलावर."

"सरी, सर," मी म्हटलं.

टाइपरायटर एकटाच येलहंकाला गेला. त्याच्या मागून बस बदलत मी गेले. तिथला स्टोअरकीपर पन्नाशीचा, मिशीवाला, कॉम्प्युटरपासून हातभर लांब खुर्ची ठेवून बसणारा. मी त्याला मालाचा प्रोग्राम दाखवला, उघडून दाखवला, बंद करून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून त्या दिवशी आलेला माल भरला आणि अभिमानानं मिशीवरून हात फिरवला. ती मिशी बघून मला माझी ती मान झटकणं आठवलं. मी त्याच्या देखत चित्रावर टिचकी मारली, डिलीट दाबलं, एंटर दाबलं.

चौथ्या दिवशी मी कोरमंगलातच होते. दुपारी घरी जाऊन तव्यावर भाकरी टाकली आणि सासूबाईंना ते सांगितलं.

"तोंड कसं झालं त्याचं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या मुलाचा घास हातात राहिला होता ना, तसं."

"आणि मग? लगेच आणून दिलंस परत?"

"नाही. म्हटलं, जरा कॉफी मागवा. कॉफी आली, मी प्यायले, पेला विसळून ठेवला, मग दिलं."

सासूबाईंनी ताट माझ्याकडे सरकवलं. "अजून एक टाक भाकरी," त्या म्हणाल्या. "आणि मिशीचं परत सांग."